नाशिकमध्ये पहिलं घर घेताय? आधी एरिया फिरा, मग फ्लॅट बघा

नाशिकमध्ये पहिल्यांदा घर घ्यायला निघालेल्या सगळ्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं की सॅम्पल फ्लॅट बघायला जायच्या आधी गाडी काढा आणि एरिया फिरून या. टाइल्स बदलता येतात, किचनचा ओटा तोडून नवा करता येतो, रंग तर काय दर पाच वर्षांनी द्यायचाच असतो, पण समोरचा रस्ता, नळाचं पाणी, मागचा नाला आणि ऑफिसला जाताना लागणारा तो एक चौक हे तुम्ही कितीही पैसे टाकले तरी बदलत नाही. दुसरं म्हणजे आज तिथे जे आहे त्याचेच पैसे द्या, उद्या येणार म्हणतात त्याचे देऊ नका. खाली जे लिहिलंय ते सगळं या दोन गोष्टींना धरूनच आहे. जळगाव-धुळ्याकडून अंबड-सातपूरला नोकरीला आलेले, मुंबईहून परत येणारे, नाहीतर इथेच भाड्याने राहून आता स्वतःचं घेऊ म्हणणारे, सगळ्यांच्या कामाला येईल असं क्रमाने लिहितोय.

आधी पैशाचं गणित, तेही पूर्ण

जाहिरातीत किंमत ५० लाख दिसते आणि माणूस ५० लाखांचाच विचार करतो. बँक ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे ७५. म्हणजे ५० लाखांच्या फ्लॅटला जास्तीत जास्त ४० लाख कर्ज, १० लाख तुमच्या खिशातून. हे सगळ्यांना माहीत असतं. पुढचं माहीत नसतं. मनपा हद्दीत स्टॅम्प ड्युटी साधारण ६ टक्के म्हणजे ३ लाख, रजिस्ट्रेशन १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार, आणि बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर जीएसटी ५ टक्के म्हणजे अजून अडीच लाख. झाले की नाही १५ लाख ८० हजार, आणि अजून वकील, एजंट, लाइट मीटर, सोसायटीचे पैसे, फर्निचर काहीच धरलेलं नाही. स्टॅम्प ड्युटीसाठी बँक सहसा कर्ज देत नाही, ते रोखच तयार ठेवावे लागतात.

यात वाचवायच्या दोन जागा आहेत. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत मिळते, नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं की ती जाते, त्यामुळे घरात बसून आधी ठरवा. आणि कम्प्लिशन म्हणजे इमारत पूर्ण झाल्याचा दाखला मिळालेल्या तयार फ्लॅटला जीएसटी लागत नाही. नाशिकसारख्या शहरात ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट (घराच्या आतली वापरायची जागा) आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असेल तर चालू बांधकामाला सुद्धा जीएसटी १ टक्काच आहे, त्यामुळे ४४ आणि ४६ लाखांत फरक दोन लाखांचा नसतो, त्याहून बराच जास्त असतो. बिल्डरकडे कोटेशन मागताना पार्किंग, मेंटेनन्स, लीगल चार्जेस, जीएसटी, सगळं धरून शेवटचा आकडा लिहून मागा. "ते नंतर बघू" असं म्हणाले तर तिथेच थांबा आणि लिहूनच घ्या.

रोजचा रस्ता काढा, घरातल्या प्रत्येकाचा

ही पायरी लोक अक्षरशः टाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. एक कागद घ्या, घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा आणि समोर तो किंवा ती रोज कुठे जाते ते लिहा. तुमची कंपनी अंबडला, बायकोची शाळा पंचवटीत, मुलाचा क्लास कॉलेज रोडला, आई-बाबांचा डॉक्टर नाशिकरोडला, असं असेल तर कुठेही घर घेतलं तरी कोणाला तरी लांब पडणार आहे, मग कोणाला लांब पडलेलं चालेल ते आधी ठरवा. जो सगळ्यात जास्त दिवस, सगळ्यात घाईच्या वेळी जातो त्याचा रस्ता धरून एरिया निवडा.

आणि अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, चौकांमध्ये मोजा. नाशिकमध्ये ८ किलोमीटर म्हणजे काही नाही असं वाटतं, पण मध्ये द्वारका चौक लागत असेल तर तो हिशोब वेगळा. आडगाव नाक्याकडून नाशिकरोडला जायचं तर द्वारका, इंदिरानगरमधून हायवे ओलांडून गोविंदनगर किंवा मुंबई नाक्याकडे यायचं तर बोगद्यापाशी संध्याकाळी अडकणं, पाथर्डी फाट्यावर कंपन्यांची शिफ्ट सुटायची वेळ, हे इथे राहणाऱ्याला विचारा, तो न विचारता अर्धा तास बोलेल. एजंट तुम्हाला रविवारी सकाळी अकराला साइट दाखवायला नेतो, त्या वेळी सगळं नाशिक मोकळं असतं. तुम्ही सोमवारी सकाळी नऊला आणि संध्याकाळी साडेसहाला स्वतःच्या गाडीवर तोच रस्ता करून बघा. हायवेवर तो लांबलचक उड्डाणपूल आहे म्हणून "दहा मिनिटांत शहरात" असं सांगतात, पण उतरल्यावर खाली सर्व्हिस रोडला काय होतं ते बघायला पाहिजे.

मुंबईला अप-डाऊन करणारे असाल तर वेगळाच विचार. पंचवटी एक्सप्रेस नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास निघते आणि स्टेशन सीबीएसपासून म्हणजे शहरातल्या मध्यवर्ती बस स्टँडपासून ९-१० किलोमीटर आहे, त्यामुळे पास काढून जाणाऱ्याने गंगापूर रोडला घर घेऊन पहाटे रोज शहर ओलांडायचं याला काही अर्थ नाही. जेल रोड, उपनगर, नाशिकरोड, विहितगाव, हीच त्यांची जागा.

कुठला भाग कसा

हे माझं मत आहे, कोणाला पटेल, कोणाला नाही पटणार.

गंगापूर रोड, कॉलेज रोड, महात्मानगर, हा शहरातला सगळ्यात महाग पट्टा. शाळा-कॉलेज, दवाखाने, फिरायला जागा, सगळं हाताशी. पण इथे दोन प्रकार आहेत, एक म्हणजे जुन्या बंगल्यांच्या प्लॉटवर उभ्या राहिलेल्या १०-१२ फ्लॅटच्या छोट्या इमारती, आणि दुसरा म्हणजे आनंदवली, सोमेश्वरच्या पुढे वाढत गेलेल्या मोठ्या स्कीम. छोट्या इमारतीत शांतता असते पण लिफ्ट बिघडली की खर्च दहा जणांतच वाटायचा. पुढच्या भागात लॉन्स भरपूर, लग्नाच्या दाट तिथीला रस्ता आणि डीजे दोन्ही सहन करावं लागतं. छत्रपती संभाजीनगर रोडचं पण तेच, तिथे तर लॉन्सची रांगच आहे.

सिडको म्हणजे नवीन नाशिक, अंबडला जाणाऱ्यासाठी याच्यासारखी सोय नाही. भाजी, किराणा, क्लास, दवाखाना, सगळं पायी. घरं लहान, गल्ल्या अरुंद, पार्किंगची मारामारी, पण माणसांची सोबत आहे, रात्री अकराला सुद्धा गल्ली जागी असते. फक्त एक लक्षात ठेवा, सिडकोची मूळ घरं लीजवर दिलेली आहेत, त्यामुळे हस्तांतरण सिडकोच्या रेकॉर्डला कोणाच्या नावावर झालंय ते बघायचं, नुसत्या नोटरीवर चार हात फिरलेली घरं घेऊ नका. वर चढवलेले मजले मंजूर आहेत का तेही बघा.

इंदिरानगर, पाथर्डी फाटा, वडाळा-पाथर्डी रोड, अशोका मार्ग, इथे मध्यमवर्गीय नोकरदाराला परवडतील असे टू बीएचके सगळ्यात जास्त सापडतात. माझ्याकडे कोणी विचारायला आलं आणि नोकरी अंबड नाहीतर सिन्नरकडे असेल तर मी इथूनच सुरुवात करायला सांगतो.

पंचवटी, म्हसरूळ, मखमलाबाद, आडगाव बाजूला त्याच पैशात जास्त जागा मिळते, हवा मोकळी, मळे अजून दिसतात. पण कंपनी सातपूर-अंबडला असेल तर रोज नदी ओलांडायची आहे. आणि मळ्याची जमीन म्हणजे बऱ्याच ठिकाणी काळी माती, रो हाउस घेत असाल तर पाया कुठपर्यंत नेलाय, मुरूम लागेपर्यंत खोदलं का, हे विचाराच, नाहीतर दोन उन्हाळ्यात भिंतींना तडे जातात.

नाशिकरोड, जेल रोड, देवळालीकडे बाजार स्वतःचा, स्टेशन स्वतःचं, शहरात यायची गरजच पडत नाही. इथे वडनेर दुमाला, विहितगाव, उपनगर-गांधीनगर वगैरे भागात लष्कराची हद्द जवळ असल्यामुळे काही अंतरात बांधकामाला बंधनं आहेत, त्यामुळे संरक्षण खात्याच्या ना हरकतीचा प्रश्न तिथे आधी विचारायचा. देवळाली कॅम्प तर कॅन्टोन्मेंटमध्ये येतं, तिथले नियमच वेगळे.

पाऊस आणि पूर, यात हयगय नको

नाशिकला पूर येतो. २००८ ला आला, २०१६ ला आला, २०१९ ला आला. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर अख्खं नाशिक पुराचा अंदाज बांधतं, कमरेला, छातीला, डोक्यावरून. छातीच्या वर गेलं की सराफ बाजार, भांडी बाजारातली दुकानं आवरायला घेतात. हे गोदावरीचं झालं, पण नवीन घर घेणारे तिथे क्वचितच घेतात. त्यांना धोका असतो तो बाकीच्या नद्यांचा, ज्या उन्हाळ्यात नाल्यासारख्या दिसतात म्हणून कोणी नदी मानतच नाही. नासर्डी सातपूरकडून उंटवाडी, तिडके कॉलनी, मुंबई नाका करत टाकळीला जाते. वालदेवी पाथर्डी, वडनेर, विहितगाव करत चेहेडीला दारणेला मिळते. वाघाडी म्हसरूळ-मखमलाबादच्या बाजूने पंचवटीत उतरते. या तिन्हींच्या काठाला इमारती आहेत, "रिव्हर व्ह्यू" म्हणून विकल्या जातात.

पूररेषा दोन असतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये नवीन बांधकाम चालत नाही, निळी आणि लाल यांच्या मधे अटींवर चालतं, जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावं लागतं. प्लॉट नदीपासून जवळ असेल तर मंजूर नकाशावर या रेषा दाखवलेल्या आहेत का ते आर्किटेक्टकडून बघून घ्या. आणि कागदाच्या आधी एक साधं काम करा, त्या गल्लीतल्या जुन्या किराणा दुकानदाराला विचारा, २०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं. तो हात करून दाखवेल. पार्किंगमधल्या कॉलमला, मीटर रूमच्या दाराला खाली फुटभर रंग वेगळा दिसत असेल, मीटर मुद्दाम छातीच्या उंचीवर नेऊन लावलेले असतील, तर दुकानदाराने सांगायची पण गरज नाही.

पाऊस पश्चिमेकडून येतो आणि त्र्यंबककडच्या बाजूला जास्त पडतो, आडगाव-ओझरकडे जाईल तसा कमी होत जातो. म्हणून सातपूर, गंगापूर रोड, पाथर्डीच्या बाजूला रिसेलचा फ्लॅट घेताना पश्चिमेची भिंत आतून हाताने दाबून बघा. शक्य असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये घर बघा. उन्हाळ्यात सगळीच घरं चांगली दिसतात.

पाणी, हद्द, कचरा

गंगापूर धरण भरलं म्हणजे आपल्या नळाला पाणी येईलच असं नाही. शहराला गंगापूरचं येतं, मुकणे धरणाचं विल्होळीच्या केंद्रातून येतं, नाशिकरोडकडे दारणेचंही आहे, पण तुमच्या इमारतीची टाकी भरते का हा प्रश्न पाइपलाइनच्या टोकाला असणाऱ्यांनी विचारायचा. वॉचमनला विचारा पाणी किती वाजता येतं, किती वेळ, टँकर महिन्यातून किती वेळा मागवता. सेक्रेटरी असेल तर मेंटेनन्सचा हिशोब मागा, टँकरचं बिल त्यात लपत नाही. बोअरवर चालणारी इमारत असेल तर बाथरूमचे नळ आणि गीझरचा पाइप बघा, पांढरे थर दिसले की पाणी जड आहे हे समजून जा.

हद्द बघणं पण तेवढंच गरजेचं. शिंदे, पळसे, एकलहरे, विल्होळी, गोवर्धन, मुंगसरा, असे शहराला लागून असलेले बरेच भाग महापालिकेच्या बाहेर आहेत. तिथे भाव कमी, पण पाणी, ड्रेनेज, घंटागाडी, सिटीलिंकची बस, काय मिळतं ते प्रत्यक्ष जाऊन बघा. आणि तिथे नुसती ग्रामपंचायतीची परवानगी दाखवली तर पुरत नाही, नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची किंवा त्या भागाला लागू असलेल्या सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी पाहिजे. मी असं म्हणत नाही की हद्दीबाहेर घेऊच नका, शिंदे-पळसेकडे नोकरी सिन्नरची असेल तर छान पडतं, पण मनपाच्या भावात ते घेऊ नका.

येणार, होणार, मंजूर झालंय

आता येऊ त्या भागाकडे जिथे लोकांचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. २०२१ च्या केंद्रीय बजेटमध्ये नाशिकसाठी मेट्रो निओची (रबरी टायरवर चालणारी मेट्रो) घोषणा झाली, दोन हजार कोटींच्या वर तरतूद सांगितली, आणि त्यानंतर निघालेल्या प्रत्येक ब्रोशरमध्ये "प्रस्तावित मेट्रो स्टेशनपासून ५ मिनिटं" छापून आलं. त्या भावाने ज्यांनी घेतलं त्यांच्या दारात अजून एकही खांब उभा राहिलेला नाही. नाशिक-पुणे सेमी हायस्पीड रेल्वेचा मार्ग किती वेळा बदलला. आता सिंहस्थ २०२६-२७ आहे, रिंग रोड आहे, आणि सगळ्या जाहिराती त्यावर चालू आहेत. उलट समृद्धी महामार्ग बघा, ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, तो खरंच आहे, तुम्ही त्यावरून मुंबईला जाऊ शकता, त्यामुळे त्याचा फायदा धरायला हरकत नाही. पण तो शहरातून जात नाही, इंटरचेंजला जायला सिन्नर किंवा इगतपुरीची बाजू गाठावी लागते, हे पण धरा.

रस्ता प्रस्तावित असेल तर विकास आराखड्यात बघा. शहराचा सध्याचा डीपी २०१७ मध्ये मंजूर झाला, त्यात सर्व्हे नंबर टाकून झोन दाखला आणि भाग नकाशा नगररचना विभागातून मिळतो. त्यात तुमच्या प्लॉटवरूनच डीपी रोड जात असेल, बाजूला शाळेचं, बागेचं आरक्षण असेल, समोरचा मोकळा प्लॉट जो "कायम मोकळा राहणार" म्हणून सांगतात तो प्रत्यक्षात भाजी मार्केटसाठी असेल, सगळं त्यात दिसतं. तपोवन, सिंहस्थात साधूंच्या मुक्कामासाठी असलेल्या साधुग्रामच्या आसपास प्लॉट कोणी स्वस्तात देत असेल तर हे न बघता एक रुपया देऊ नका. पंचवटीत घर घेणाऱ्यांनी हे पण मनाची तयारी म्हणून धरा की सिंहस्थाच्या पर्वण्यांना रस्ते बंद असतात, पास लागतात, पाहुणे येतात.

फ्लॅटच्या आत गेल्यावर

आता फ्लॅट बघा. टेप घेऊन जा, खरंच घेऊन जा. नाशिकमध्ये अजून सेलेबल, बिल्टअप (बाहेरच्या भिंती, जिना वगैरे धरून वाढवलेलं माप), असं बोलायची सवय गेलेली नाही, पण बिल्डरच्या व्यवहारांवरचा रेरा कायदा २०१६ चा आहे आणि व्यवहार कार्पेटवर व्हायला पाहिजे. कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी, टेरेस धरत नाहीत. "१००० स्क्वेअर फूट" म्हणून सांगितलेल्या फ्लॅटमध्ये तुम्ही भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलं की ६५०-७०० निघतं, मग भाव त्या ७०० ने भागून दुसऱ्या स्कीमशी तुलना करा, तेव्हा कोण महाग ते कळतं.

रिसेलला मी काय करतो ते सांगतो. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओततो आणि बघत उभा राहतो, जाळीकडे जातं का दाराकडे. मग खालच्या मजल्यावर जाऊन त्यांची परवानगी घेऊन त्याच बाथरूमखालचं छत बघतो. टाइल्सवर नाणं वाजवतो, पोकळ आवाज आला की खाली माल भरलेला नाही. सगळ्या खिडक्या उघडून-लावून बघतो. कपाटाच्या मागे, बेडच्या मागे नाक जवळ नेतो, बुरशीचा वास नव्या रंगाने जात नाही. मालकाने नुकताच एकाच भिंतीला रंग दिलेला असेल तर ती भिंत का, हे विचारतो. मंजूर नकाशाची कॉपी हातात ठेवून बघा, ड्राय बाल्कनी किचनमध्ये घेतलीय, टेरेसवर शेड टाकलीय, डक्टमध्ये कपाट काढलंय, हे नाशिकमध्ये घरोघरी सापडतं, आणि उद्या मनपाची नोटीस आली तर ती तुमच्या नावावर येणार.

पार्किंगचं वेगळं लिहितो कारण भांडणं त्याचीच होतात. मोकळ्या जागेतलं पार्किंग बिल्डर विकू शकत नाही, ते सगळ्यांचं असतं. झाकलेलं पार्किंग घेतलं असेल तर त्याचा नंबर आणि जागा ॲग्रीमेंटमध्ये लिहिलेली पाहिजे. तुमची गाडी तिथे प्रत्यक्ष लावून बघा, कॉलममुळे दार उघडत नाही असं पण असतं.

कागद, टोकनच्या आधी

लोक टोकन देतात आणि मग वकील शोधतात. उलटं करा. आधी वकिलाची फी द्या, ती पूर्ण व्यवहाराच्या पुढे काहीच नाही.

नवीन स्कीम असेल तर महारेराचा (राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा) नंबर घेऊन त्यांच्या साइटवर टाका. प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल आणि फ्लॅटही ८ पेक्षा जास्त असतील तर नोंदणी सक्तीची आहे. तिथे ताबा द्यायची तारीख बघा, बिल्डर तोंडी सांगतो ती नाही, तिथे लिहिलेली. किती फ्लॅट बुक झाले, काही केसेस आहेत का, मुदत किती वेळा वाढवली, सगळं तिथे असतं. त्याच बिल्डरच्या आधीच्या इमारतीत जाऊन दोन बिऱ्हाडांशी बोला, लिफ्ट, लीकेज आणि कम्प्लिशन वेळेत मिळालं का, एवढेच प्रश्न. रजिस्टर ॲग्रीमेंट केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ताब्यानंतर ५ वर्षं बांधकामातला दोष दुरुस्त करून देणं त्याच्यावर आहे, हे दोन्ही पाठच करून ठेवा.

जमिनीचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड बघताना वरचं नाव बघून थांबू नका. खाली "इतर हक्क" असतो तो वाचा, बँकेचा बोजा, कुळाचं नाव, कोर्टाचा दावा, बहिणींचा हक्क, सगळं तिथे येतं. भोगवटादार वर्ग २ लिहिलं असेल तर सरकारी परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. एनए म्हणजे बिगरशेतीची ऑर्डर, मंजूर नकाशा, बांधकाम परवाना, कम्प्लिशन म्हणजे भोगवटा दाखला, आणि वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुन्या व्यवहारांची तपासणी), एवढं तर पाहिजेच. कम्प्लिशन नसलेल्या इमारतीत शंभर लोक राहतात म्हणून तुम्ही पण जाल तर विकताना आणि कर्जाला अडचण तुम्हालाच येणार. गुंठ्यांत तुकडे पाडलेला, लेआउट मंजूर नसलेला प्लॉट कितीही स्वस्त असला आणि कितीही ओळखीच्या माणसाने आणला तरी सोडा, इथे मी अजिबात मवाळ होणार नाही.

रिसेलला आधीच्या सगळ्या व्यवहारांची साखळी लागते, पहिल्या खरेदीपासून आत्तापर्यंतचे सगळे मूळ कागद आणि इंडेक्स टू म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा उतारा. नाशिकमध्ये सोसायटीपेक्षा अपार्टमेंट जास्त आहेत, म्हणजे १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली नोंदलेली इमारत, तिथे शेअर सर्टिफिकेट नसतं, डीड ऑफ डिक्लेरेशन आणि तुमच्या फ्लॅटचं डीड ऑफ अपार्टमेंट असतं, त्यात जमिनीतला तुमचा अविभाज्य हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. हे डीड बऱ्याच जुन्या इमारतींत राहूनच गेलेलं आहे, विचारून घ्या. मालकाचं कर्ज चालू असेल तर बँकेचं पत्र, घरपट्टी-पाणीपट्टीची पावती, लाइट बिल, असोसिएशनचा नाहरकत दाखला.

इसार ते ताबा

सगळं पटलं की मग इसार पावती. त्यात रक्कम, चेक नंबर, किती दिवसांत साठेखत (विक्रीचा करार), कर्ज नामंजूर झालं किंवा कागदात दोष निघाला तर इसार परत, हे शब्द लिहून घ्या, रोखीत देऊ नका. एजंटची दलाली किती आणि कधी द्यायची हे पण पहिल्याच दिवशी बोलून टाका. किंमत ५० लाख किंवा त्यावर असेल तर १ टक्का टीडीएस म्हणजे मालकाच्या रकमेतून कापायचा इन्कम टॅक्स तुम्ही कापून भरायचाय, मालकाला पूर्ण रक्कम देऊन बसलात तर हा टॅक्स तुमच्या अंगावर येतो.

बँकेचं मंजुरीपत्र हातात आल्याशिवाय खरेदीखताची तारीख घेऊ नका. दस्त नोंदवल्यावर इंडेक्स टू त्याच आठवड्यात काढा, त्याची कॉपी जोडून मनपाच्या विभागीय कार्यालयात घरपट्टीला नाव लावायचा अर्ज करा, महावितरणला मीटरवर नाव बदलायचा अर्ज करा, आणि अपार्टमेंटच्या सेक्रेटरीला लेखी कळवून पोच घ्या. किल्ली घ्यायच्या दिवशी मीटरचं रीडिंग आणि पाण्याच्या टाकीचा नळ, दोन्हींचे फोटो मालकासमोर काढा, थकलेलं बिल निघालं तर त्या फोटोवरून बोलता येतं.